वाटाण्याएवढी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खोगिरासारख्या खळगीत, वाटाण्याएवढी एक ग्रंथी नाजूक देठाला लोंबकळत असते. तिचे नाव पोष ग्रंथी. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते मेंदूतील कफ नाकाकडे वाहून नेणे हेच तिचे काम होते, आणि ही समजूत सतराव्या शतकापर्यंत टिकली. मोरीच्या नळाला जेवढा मान मिळावा तेवढाच तिलाही मिळाला. वस्तुतः अवटू, अधिवृक्क व जननग्रंथी यांना हुकूम सुटतात ते याच लहानशा कचेरीतून.

ही कचेरी बंद पडली म्हणजे काय होते, ते हॅम्बुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ मॉरिस सिमंड्स यांनी १९१४ मध्ये दाखविले. बाळंतज्वरातून वाचलेली एक स्त्री पुढे वर्षानुवर्षे झिजत गेली. मृत्यूनंतर पाहता तिची पोष ग्रंथी जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. १९१८ मध्ये, डोक्यास मार लागल्यानंतर हीच अवस्था आलेला रोगी जर्मनीत सीरान यांनी नोंदविला. पण ती नोंद कागदावरच राहिली. १९४२ मध्ये अमेरिकेतील एस्कामिला व लिसर यांनी या विकाराच्या ५९५ रोग्यांचा आढावा घेतला, तेव्हा दुखापतीमुळे झालेले अवघे चार निघाले. विकार विरळा होता असे नव्हे. तो ओळखला जात नव्हता. अपघातातून उठलेला माणूस मंद, विसराळू, निरुत्साही दिसला, की वैद्य मेंदूच्या जखमेकडे बोट दाखवीत आणि घरचे त्याला आळशी ठरवीत.

उणा पडलेला स्राव बाहेरून पुरविता येतो, हे तर जुनेच ज्ञान होते. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीची सुस्ती घालविली. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. वाढीच्या स्रावाचे मात्र तसे नव्हते. जनावराचा स्राव माणसाला लागू पडेना. १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढलेला स्राव देऊन एका खुज्या मुलाची उंची वाढविल्याचे प्रसिद्ध केले. एवढा दुर्मिळ माल खुज्या मुलांनाच कसाबसा पुरे. डोके फुटलेल्या प्रौढांचा विचार कोण करणार? आणि या मालातच विष दडलेले होते. १९८५ मध्ये तो घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग जडल्याचे उघड झाले. पुढे जगभर अशा रोग्यांची संख्या दोनशेवर गेली; त्यांतले निम्म्याहून अधिक फ्रान्समधले. त्याच वर्षी जिवाणूंकडून तयार करविलेला स्राव अमेरिकेत मान्य झाला, म्हणून उपचार थांबला नाही.

यानंतरच दुखापतग्रस्तांची पद्धतशीर तपासणी सुरू झाली. २००७ च्या एका आढाव्यात मेंदूस इजा झालेल्यांपैकी सुमारे २७.५ टक्क्यांच्या ग्रंथीत काही ना काही न्यून आढळले. चाचण्यांच्या रीतीनुसार हा आकडा बराच खालीवर होतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. वाढीचा स्राव दिल्याने स्मृती व आकलन सुधारते काय? लहान गटांवरील प्रयोगांत काही कसोट्यांपुरती सुधारणा दिसली. पण नुसता काळ लोटल्यानेही रोगी सुधारत असतो, तेव्हा श्रेय कोणाचे हे ठरविणे कठीण.

अधिवृक्काच्या व अवटूच्या स्रावांबद्दल मात्र असा वाद नाही. दोन्ही उणे असतील तर अधिवृक्काचा आधी द्यावयाचा, अवटूचा मागाहून. हा क्रम उलटला तर रोग्याच्या जिवावर बेतते.