पुण्यात काच १९७९ला आली, आजीच्या घरी अजून पोहोचली नाही

आजचा भाग एका घरगुती भांडणातून आलाय, हे आधीच सांगते.

माझी आजी शनिवार पेठेत एकटी राहते. जुनं घर, हातभर जाड भिंती, आणि आतल्या खोलीत मोबाइलला रेंज शून्य. तिच्याकडे लँडलाइन आहे आणि त्याच तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड. मी महिन्यातून आठवडाभर तिच्याकडे राहून काम करते. सकाळच्या मीटिंगमध्ये माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो. शेवटी म्हटलं, आजी, फायबर घेऊन टाकू. ती म्हणाली, "घे की. पण माझ्या फोनला हात लावायचा नाही." मला वाटलं, झालं, जुन्या वस्तूंचा जिव्हाळा! म्हणून तिला पटवायला मी फायबरचा इतिहास काढून बसले, आणि त्यात मीच अडकले.

सुरुवात करू नरिंदरसिंग कपानींपासून. पंजाबातल्या मोग्याचे. ते सांगायचे की शाळेत मास्तरांनी शिकवलं, प्रकाश सरळ रेषेतच जातो, आणि ते काही त्यांना पटलं नाही. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही त्यांनीच रूढ केलं. पण ही करामत छोट्या अंतरावरची. काच इतकी अशुद्ध होती की थोडं पुढे गेलं की उजेड संपला.

१९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष प्रकाशाचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट झाली तर टेलिफोनसाठी काच चालेल. २० डेसिबल म्हणजे किती? किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड शिल्लक. एवढंसं पुरेसं होतं! १९७०मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या लोकांनी ती रेषा ओलांडली. आजच्या चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरनंतर साधारण ९५ टक्के उजेड उरतो. काओंना याबद्दल २००९चं नोबेल मिळालं.

आता ऐका. कॉर्निंगनंतर अवघ्या नऊ वर्षांत, १९७९ला, भारतातली टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली, ती आपल्या पुण्यात! मी इथे शिकले, इथेच नोकरी करते, आणि मला हे माहीतच नव्हतं. नंतर पुणेकर असल्याचा यथायोग्य माज केला, ते सोडा.

मग प्रश्न पडतो की १९७९ला शहरात आलेली काच पेठेतल्या घरापर्यंत यायला इतकी वर्षं का लागली?

कारण ती एक्स्चेंजपाशी थांबली. दोन एक्स्चेंजमधली एक केबल हजारो लोकांच्या कामाची असते, तिचा खर्च वाटला जातो. एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र एकाच घराचा. त्यासाठी रस्ता खोदा, परवानग्या काढा, भिंत फोडा. आणि तिथे तांबं आधीच पुरलेलं होतं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही याच तांब्यावरून. मोडेमची ती कर्कश शिट्टी, आणि नेट चालू असलं की फोन एंगेज. पुढे डीएसएलने एक हुशारी केली. माणसाचा आवाज तारेवर ४ किलोहर्ट्झच्या आतच मावतो, मग त्याच्या वरची जागा डेटाला द्या. फोनही चालू, नेटही चालू. २००४च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हटलं. हसू नका, तेव्हा ती चैन होती. पण तांब्याची अडचण अशी की एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितका वेग कमी. जोडात पावसाचं पाणी शिरलं की खरखर वेगळीच.

काचेला पाण्याचं असलं भय नाही. घराघरांत येणाऱ्या फायबरमध्ये एकाच धाग्यातला उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटतात, आणि वाटणाऱ्या डबीला वीजही लागत नाही. इथपर्यंत माझी बाजू भक्कम होती.

आणि इथेच आजीचा मुद्दा आला. गेल्या पावसाळ्यात रात्रभर लाइट नव्हती. मोबाइलची बॅटरी संपलेली. तिला घाबरल्यासारखं झालं, आणि तिने अंधारात चाचपडत लँडलाइनवरून बाबांना फोन लावला. तो लागला! कारण तांब्याच्या तारेतून फोनला वीज एक्स्चेंजच येतं पुरवत. ४८ व्होल्ट, तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांमधून. (कॉर्डलेस फोन असता तर नसता लागला. तिचा साधा, वायरवाला आहे.) काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. फायबर घेतलं की फोन घरातल्या डबीला जोडायचा, आणि ती डबी आपल्या सॉकेटवर चालणार. लाइट गेली की नेट गेलं, फोनही गेला.

मी बीटेक आहे, मंडळी. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सध्या ठरलंय ते असं. माझ्या कामासाठी फायबर वेगळं घ्यायचं, त्या डबीला राउटरचा छोटा यूपीएस लावायचा. तांब्याची लाइन निदान हा पावसाळा काढायची नाही. दोन बिलं भरावी लागतील, त्यातलं एक माझं. यूपीएस खरोखर किती तास टिकतो ते पाहू, मग पुढचं.

शनिवारी जोडणीला माणूस येतोय. आजीला सांगितलं तर म्हणाली, "येऊ दे. पण तो जायच्या आत मेन स्विच बंद कर, आणि मला फोन लावून दाखव."