सौम्य म्हणजे कोणाच्या मापाने? ताडी, हॉप्स आणि पाच टक्के



मागच्या वेळी इथेच, भोरला, आम्ही सवय आणि विवेक या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने विचारले, "सर, हल्ली पुण्यात साडेतीन टक्क्यांची, हॉप्स घातलेली कडसर बिअर मिळते. ती प्यायली तर दारू प्यायली असं म्हणायचं का?" सभागृह हसले. त्याच्या मागच्याच रांगेत वेल्ह्याकडच्या एक ताई बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "आमच्याकडं विचारलं तर सगळे कमीच पितात, सर." त्यावर मात्र कोणी हसले नाही.

आम्ही त्या दिवशी दोघांनाही नीट उत्तर दिले नाही. वेळ संपली, असे म्हणून सुटलो. आज ते देणे फेडायचे आहे. आणि आमचे म्हणणे असे की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. तो कसा एक, हे कळायला थोडे इतिहासात जावे लागेल.

आधी हॉप्स म्हणजे काय ते बघू. ही एक वेल. तिच्या मादी वेलीला शंकूच्या आकाराची हिरवी फुले येतात. आपल्या देशात ती हिमाचलच्या लाहौल भागात पिकवतात. बिअरमध्ये ही फुले दोन कामे करतात. एक, कडवटपणा आणि वास देतात. दुसरे काम जास्त महत्त्वाचे: बिअर आंबट करून नासवणाऱ्या जिवाणूंना ती आवरतात. हॉप्सचा वापर रुळण्याआधी युरोपात धान्याचे पेय टिकवायचे तर ते जास्त कडक करणे हा एक मार्ग होता. नाहीतर केले की लगेच पिऊन टाका. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीने लिहून ठेवले आहे की हॉप्सच्या कडवटपणामुळे पेय नासत नाही. १५१६ साली बव्हेरियात नियम झाला की बिअरमध्ये जव, पाणी आणि हॉप्स एवढेच घालायचे. म्हणजे कमी नशेचे पेय टिकाऊ झाले ते या फुलामुळे. आमच्या तरुण मित्राला नवी वाटणारी वस्तू तशी जुनीच आहे, बरं का.

आता आपल्याकडे या. भोरहून वरंध घाट उतरून महाडकडे गेलो की ताडी-माडीचा मुलूख सुरू होतो. आपल्या घाटमाथ्याच्या रानातही भेरली माड आहे, पण ताडीचा खरा व्यवहार खाली कोकणात आणि ठाण्याकडे. ताडी म्हणजे आपली सौम्य बिअरच म्हणा ना. सकाळी गोड रस, ऊन चढेल तशी ती आंबत जाते, आणि तिच्यातली नशा साधारण बिअरइतकीच. फरक एक. ताडीला हॉप्स नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत तिचे काही खरे नाही. ती झाडाखालीच प्यायची, नाहीतर जवळच्या बाजारात.

जे टिकत नाही त्यावर लांबून कर बसवणे अवघड. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने नवी व्यवस्था बसवली: मोहाची दारू गावोगावच्या भट्ट्यांत न गाळता उरणसारख्या मध्यवर्ती ठिकाणी गाळायची, मोजायची, सीलबंद करायची आणि ठेकेदारामार्फत विकायची. कडक दारू टिकते, वाहून नेता येते, तिची तीव्रता यंत्राने मोजता येते. तिजोरीच्या दृष्टीने याहून चांगला माल कोणता? ताडी अशी एका जागी आणून मोजता येईना, म्हणून झाडावरच कर बसवला आणि वाढवत नेला. ठाणे जिल्ह्याबद्दल इंद्रा मुन्शी यांनी आणि दक्षिण गुजरातबद्दल डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सविस्तर लिहिले आहे. गरिबाचे स्थानिक पेय महाग झाले, गुन्हा ठरू लागले, आणि ठेकेदाराच्या दुकानाची वाट मोकळी झाली.

त्याच काळात पुण्या-खडकीच्या छावण्यांत काय चालले होते? गोऱ्या शिपायाला कडक दारूपासून सोडवून बिअरकडे वळवावे, हे लष्कराचे धोरण. हॉप्स भरपूर घातलेली पेल एल विलायतेतून यायची; लंडनच्या हॉजसनचे नाव या व्यापारात आधी झाले, पुढे बर्टन गावच्या बिअरवाल्यांचे. 'इंडिया पेल एल' हे नाव तिथूनच रूढ झाले. शिपायाच्या तब्येतीसाठी सौम्य पेय म्हणजे सुधारणा, आणि रयतेचे सौम्य पेय म्हणजे कर बुडवणारी अडचण! सौम्य कशाला म्हणायचे आणि ते कोणाला द्यायचे, हे सरकारने आपल्या सोयीने ठरवले. हा मुद्दा लक्षात ठेवा.

याला विरोध झाला तो इथूनच, पुण्यातून. १८८० साली नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि त्या नाटकाचे नावच मराठीत युक्तिवाद होऊन बसले. पहिला प्याला घेतलास की शेवटचा ठरलेलाच! मग सौम्य आणि कडक हा भेद करायचाच कशाला?

स्वातंत्र्यानंतर कायद्याने हाच युक्तिवाद उचलला. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षीचा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. त्या कायद्याने ताडी, बिअर, व्हिस्की, हातभट्टी यांना एकाच पोत्यात भरले. मग झाले काय? चोरून करायचे तर सौम्य पेय कोण करील? बिअरचे पिंप लपवता येत नाही. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी ओढ्याकाठी झाडीत लागते आणि फुग्यात भरून नेता येते. बंदीने पिणारे काही प्रमाणात कमी केले असतील, पण जे उरले त्यांना तिने कडक दारूकडे ढकलले. आम्ही बंदीची थट्टा करत नाही. तिच्यामागे हजारो बायकांचे अश्रू होते. पण परिणाम हेतूला विचारून येत नाहीत.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली आणि १९७३ पासून देशी दारूचे नवे नियम आले. 'परमिट रूम' हा शब्द मात्र बंदीची आठवण म्हणून पाट्यांवर राहिला. आजही कायद्याने महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. आणि सौम्य-कडक हा भेद मागच्या दाराने परत आला: कडक दारूसाठी वय २५, सौम्य बिअरसाठी २१, पाच टक्क्यांपर्यंत सौम्य, त्यावर आठपर्यंत स्ट्राँग.

आता हिशेब करू. साडेतीन टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत शुद्ध मद्यार्क साधारण साडेअकरा मिलिलिटर. आठ टक्क्यांच्या ६५० च्या स्ट्राँग बाटलीत ५२. देशीच्या १८० च्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, ७७. म्हणजे एका क्वार्टरमध्ये या कडसर बिअरच्या जवळजवळ पावणेसात बाटल्या बसतात. तरुणाच्या बाजूने हा पहिला मुद्दा, आणि तो खरा आहे. कमी म्हणजे कमीच. दुसरा मुद्दा: कडवट चवीचे पेय घटाघट जात नाही, जेवणाबरोबर सावकाश घेतले जाते. पुण्यात २००९ मध्ये 'डूलली' निघाली, तेव्हापासून बिअर चवीसाठी प्यावी असे म्हणणारा एक वर्ग तयार झाला. नशेखेरीज दुसरे काही शोधत पिणारा माणूस थांबू शकतो, निदान थांबण्याची शक्यता जास्त.

आता दुसरी बाजू. एक: तीन बाटल्या झाल्या की पस्तीस मिलिलिटर होतात, म्हणजे पाच टक्क्यांच्या मोठ्या बाटलीपेक्षा जास्त. "हलकीच आहे" म्हणत चौथी उघडली जाते. दोन: शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही वाहनचालकाची मर्यादा आहे. भाटघरच्या पाण्याकाठी किंवा तोरण्याच्या पायथ्याशी रविवारी दुपारी बाटल्या उघडणाऱ्यांना संध्याकाळी त्याच वळणांवरून घरी जायचे असते. तीन: मुतखड्यावर बिअर, हे आपल्याकडचे घरगुती औषध. बिअरने लघवी जास्त होते, खडा विरघळत नाही. उलट शरीरातले पाणी कमी होते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. चार, आणि आमच्या मते सर्वांत मोठा: ही बिअर महाग. रोजंदारीवरचा माणूस रुपयाला किती नशा मिळते ते बघतो, आणि त्या तराजूत देशी दारूच जिंकते. म्हणजे सौम्यपणासुद्धा ज्याला परवडतो त्याचाच.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून एक जुना पेच सांगतो. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास राहतेच. आणखी एक काढला तरी राहते. मग रास संपते कधी? पाच टक्के सौम्य आणि सव्वापाच कडक, हे ठरवणारा कायदा याच पेचात सापडतो. 'एकच प्याला' हा युक्तिवाद त्याच पेचाचे दुसरे टोक: नेमकी रेघ दाखवता येत नाही, तेव्हा पहिला दाणाच रास माना. दोन्हींत चूक एकच आहे. रेघ नेमकी नसली म्हणून फरकच नाही, असे होत नाही.

बौद्धांच्या पाचव्या शीलात याचे उत्तर सापडते असे आम्हाला वाटते. तिथे मद्य वर्ज्य आहे, पण शीलाच्या शब्दांतच कारणही दिले आहे: ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण आहे. टक्क्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न असा की सावधपणा सुटला का? आणि इथे गंमत बघा. सावधपणा सुटला की नाही, हे ज्याचा सुटला त्याला कळत नाही. पिणारा आपल्या मापाचा साक्षीदार होऊ शकत नाही. ताई जे म्हणाल्या ते हेच: विचारलं तर सगळे कमीच पितात.

म्हणून इतिहासाकडे परत बघा. माप कोणी घेतले? प्रिचर्डच्या वेळी तिजोरीने. बंदीच्या वेळी कायद्याने. आज बाटलीवरची चिठ्ठी घेते, किंवा पिणारा स्वतः. ज्याच्या घरात ती बाटली उघडते त्या घराला बहुतेक कोणी विचारले नाही. अपवाद एक. २००८ पासून महाराष्ट्रात गावातल्या बायकांना मतदान करून दुकान बंद करता येते. बाटली उभी की आडवी, एवढाच प्रश्न. त्या मतपत्रिकेवर टक्के नसतात. तिथे साक्षीदार बदललेला असतो.

तर तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो, दारू प्यायली असेच म्हणायचे. कमी दारू प्यायली, हेही खरे म्हणायचे. कमीचे श्रेय घे, पण ते स्वतःच्या सांगण्यावर घेऊ नकोस. घरी गेल्यावर आईला, बायकोला, बरोबरच्या न पिणाऱ्या मित्राला विचार, आणि ते काय म्हणतात ते ऐकून घे.

आणि ताई, आज तुम्ही आलात की नाही ते आम्हाला इथून दिसत नाही. आलात तर पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांची सुरुवात तुमच्यापासून करू.