बिऱ्हाड पाठीवर: लमाणांचा तांडा आणि इंग्लंडचा कालवा

देवणीचं नाव बाहेर गेलं ते माणसांमुळे कमी आणि बैलामुळे जास्त, हे आपण मोकळेपणी मान्य करू. वानेरा, बालंक्या, शेवरा ही नावं इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात बघणारी माणसं या सभागृहात निम्मी तरी असतील. आज मात्र नांगराचा किंवा गाडीचा बैल आपला विषय नाही. आपल्याला बोलायचंय ते ओझ्याच्या बैलाबद्दल, आणि त्याच्यामागून आयुष्यभर चालत राहिलेल्या माणसांबद्दल.

प्रश्न साधा आहे. आपल्या मुलखात मीठ पिकत नाही. समुद्र लांब, मधे घाट. रेल्वे नव्हती, पावसाळ्यात काळ्या जमिनीत गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. मग शेकडो वर्षं इथल्या भाकरीत मीठ पडलं कसं? ते लमाणांनी आणलं. ‘लवण’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘लमाण’, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, धंद्याला धरून आहे एवढं नक्की. मीठ घेऊन वर यायचं, धान्य घेऊन खाली जायचं. या धंद्याला त्यांच्या बोलीत ‘लदेणी’ म्हणतात.

सतराव्या शतकात परदेशी प्रवाशांनी हे तांडे पाहिले आणि ते थक्क झाले. टॅव्हर्नियर सुरतेहून गोवळकोंड्याला जायचा तो रस्ता आपल्या नांदेडवरून होता. पण जास्त बारकाईनं लिहिलं ते पीटर मंडी या इंग्रजानं. १६३२ साली आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला एक तांडा भेटला. बैल किती? १४,०००. सगळे धान्यानं लादलेले, दर बैलावर साधारण चार मण. अशा तांड्यात सहा-सातशे माणसं असतात, बायकापोरं बरोबर असतात, बैल त्यांचे स्वतःचे असतात, आणि बहुधा माल विकत घेऊन विकणारे व्यापारीही तेच असतात, असं तो सांगतो. दिवसाला सहा-सात मैल, तेही उन्हाच्या आधी. मग ओझी उतरवून बैल चरायला सोडायचे. रान भरपूर होतं आणि मनाई करणारं कुणी नव्हतं. हे शेवटचं निरीक्षण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा दिवस डोळ्यासमोर आणा. पहाटे अंधारात सहा-सातशे माणसं हजारो गोण्या बैलांवर चढवताहेत. गोणी दुहेरी, पाठीच्या दोन्ही अंगांना सारखी बसली पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत बैलाची पाठ सोलून निघते. पुढे कवड्या आणि घुंगरं बांधलेला मानाचा बैल. त्याच्यावर ओझं लादत नसत. घुंगराचा आवाज जाईल तिकडे मागचा कळप जाणार. बैलांवर गोण्यांशिवाय काय? पाल, भांडी, आजारी म्हातारी, चालता न येणारं पोर. मुक्कामाला गोण्या उतरवून रचल्या की त्याचीच भिंत, त्याच्या आत जनावरं आणि माणसं. कुत्री राखणीला. पावसाळ्याचे चार महिने मात्र चालणं बंद. पाण्याची आणि चाऱ्याची जागा बघून तळ पडायचा. लग्नं, भांडणांचे निवाडे, गोण्यांची डागडुजी सगळं त्या चार महिन्यांत. निवाड्याला नायक आणि कारभारी. गावच्या पाटलाकडं जायची गरज नाही, कारण गाव त्यांच्याबरोबरच चालत होतं.

लढायांतही यांच्यावाचून भागत नसे. फौज पोटावर चालते असं आपण म्हणतो, पण त्या पोटाला धान्य पोचवायचा तांडा. १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली, त्याच्या रसदीलाही बंजारे होते. मोगल फौजांबरोबर दक्षिणेत आलेल्या भंगी आणि जंगी नायकांची कथा तर हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्यांना ताम्रपट मिळाला होता म्हणे, की फौजेचा मुक्काम असेल तिथं कुणाच्याही रांजणातलं पाणी आणि कुणाच्याही छपराचं गवत घ्यावं. दंतकथेचा भाग सोडून देऊ. पण ज्याच्या बैलाच्या चाऱ्यावर राज्य अवलंबून आहे, त्याला छपरावरचं गवतसुद्धा द्यावं लागतं, हा व्यवहार त्यात बरोबर आलाय.

आता तुम्ही म्हणाल, पत्रिकेत इंग्लंडचा कालवा छापलाय तो कुठं गेला? येतो तिकडे.

आपल्याकडे कालवा म्हणजे पाटाचं पाणी, उसाला. इंग्लंडात अठराव्या शतकात जे कालवे खोदले ते माल वाहायला. ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं वर्स्लीच्या खाणीतला दगडी कोळसा मँचेस्टरला न्यायला कालवा काढला, तो १७६१ साली सुरू झाला आणि शहरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. मग साऱ्या देशभर खोदकाम. खर्च वाचवायला मधल्या भागातले कालवे अरुंद ठेवले. त्यामुळे नावही अरुंद. लांबी सत्तर फूट, रुंदी जेमतेम सात. चढ आला की पाण्याची पायरी करायची. दोन दरवाज्यांमधला एक हौद, त्यात नाव घ्यायची, पाणी भरून वर उचलायची, पुढचा दरवाजा उघडून पुढे. टार्डेबिग नावाच्या ठिकाणी अशा ३० पायऱ्या ओळीनं आहेत. काठावरच्या वाटेनं एक घोडा नाव ओढायचा आणि घोड्यामागं पुष्कळदा नावाड्याचं पोरच चालायचं. बोगद्यात काठाची वाट नसली की घोडा डोंगरावरून जायचा. नावेवर माणसं उताणी पडून बोगद्याच्या भिंतींवर पाय देत, भिंतीवरून चालल्यासारखी, नाव पुढे ढकलायची.

आम्हाला हिशेबाचा जरा नाद आहे, तो सहन करा. अशा नावेत २५ टन माल सहज मावायचा. आपल्या बैलावर चार मण म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास धरा. एका घोड्याचं काम करायला २०० बैल लागले. मंडीला भेटलेला अख्खा तांडा म्हणजे सत्तर नावा. आकडा ऐकून तांडा मागासलेला वाटतो. पण त्या एका घोड्यासाठी आधी शेकडो मैल खोदावं लागलं, भांडवल गोळा करावं लागलं. २०० बैलांना काय लागलं? गवत. आणि आपल्या मांजरा नदीत उन्हाळ्यात वाळूच उरते, खाली काळा कातळ. तिथं नाव चालवणार कशी? ज्या मुलखात जे फुकट होतं त्यावर तिथली वाहतूक उभी राहिली.

नावेवरच्या घराकडे बघू. मागच्या बाजूला लाकडी खोली, लांबी दहा फूट, रुंदी सातला थोडी कमी. यात नवरा, बायको, चार-पाच पोरं. एक लोखंडी चूल. कपाटाचं दार खाली पाडलं की तेच टेबल, रात्री दुसरं दार पाडलं की त्यावर अंथरूण. उरलेली सत्तर टक्के-ऐंशी टक्के नाव कोळशाला, कारण भाडं कोळशाचं मिळतं, माणसांचं नाही. पैसे मिळायचे ते नवऱ्याच्या हातात, खेपेवर. बायको दिवसभर सुकाणू धरायची, तिचा पगार शून्य. आणि एवढ्याशा त्या खोलीत दारावर, पाण्याच्या डब्यावर, बादलीवर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले, पितळी कड्या लखलखीत घासलेल्या. आपल्या लमाण बाईची कांचळी आठवा. आरसे, कवड्या, नाणी, भरतकाम. घराला भिंत नसली की नक्षी अंगावर येते. भिंत इवलीशी असली की सगळी तिच्यावर दाटते.

एक फरक मात्र मोठा आहे. तांड्यात बायकापोरं पहिल्यापासून होती, तो समाजच तसा चालत होता. इंग्लंडात सुरुवातीला बरेच नावाडी पुरुष होते, त्यांची घरं काठावरच्या गावात असायची. मग रेल्वे आली. भाडं उतरलं. नोकर ठेवणं परवडेना, घरभाडं परवडेना, तेव्हा बायकापोरं नावेवर चढली. आज पर्यटकांना जे रंगीत चित्र दाखवतात, ते कुटुंब मंदीनं नावेवर आणलेलं होतं.

इकडेही तेच इंजिन आलं. मुंबई-ठाणे १८५३, वाडी-सिकंदराबाद १८७४, १९०० च्या सुमाराला नांदेडवरून मनमाडची लाईन, १९११ साली बार्शी लाईट लातूरला पोचली. त्याआधीच पक्के रस्ते झाले, बैलगाडी धावू लागली, पाठीवरच्या गोणीला गिऱ्हाईक राहिलं नाही. ब्रिटिश मुलखात १८७८ चा वनकायदा आला आणि चराईला बंधनं पडली. मंडीनं लिहिलं होतं ना, मनाई करणारं कुणी नाही? आता मनाई करणारा आला, गणवेशात. इंग्लंडची नाव रेल्वेनंतरही शंभर वर्षं कशीबशी तरली, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि १९६३ साली सरकारी मालवाहू नावांचा धंदा जवळपास संपला. तांड्याची लदेणी त्याच्या कितीतरी आधी संपली होती.

इथून पुढे आमच्या मते खरा विषय सुरू होतो. धंदा बुडाला की सरकारला प्रश्न पडतो: ही चालणारी माणसं कुठली?

१८७७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कालव्यावरच्या नावांचा कायदा केला. त्यामागे जॉर्ज स्मिथ नावाचा सुधारक होता. नावाडी लोकांबद्दल तो फार वाईट लिहायचा. दारुडे, निरक्षर, देवाधर्माची चाड नसलेले वगैरे. त्यातलं बरंच अतिरंजित होतं. पण कायद्यानं काय केलं ते बघा. राहती नाव नोंदवायची, तिच्यावर नंबर आणि गावाचं नाव लिहायचं, आत किती माणसं झोपतील ते ठरवायचं. आणि नाव ज्या गावात नोंदली, त्या गावचे रहिवासी म्हणून तिच्यावरची मुलं शाळेसाठी धरायची. मुलं शाळेत फारशी गेली नाहीत हे खरं. नाव आज इथं, उद्या पन्नास मैलांवर. तरी कायद्यापुरता त्यांना पत्ता मिळाला.

त्याच्या आधी सहा वर्षं, १८७१ साली, त्याच साम्राज्यानं हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. इथंही नोंदणी. इथंही तपासणी. पण नोंद माणसाची, त्याच्या जन्मावरून. गाव सोडायचं तर परवाना, मुक्कामाला हजेरी. सुरुवातीला उत्तरेत, १९११ नंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. निजामाच्या राज्यानंही त्याच धर्तीवर कायदा केला आणि लंबाडे त्याच्या कचाट्यात सापडले. भंग्या भुक्या यांनी निजामकाळातल्या लंबाड्यांवर जे पुस्तक लिहिलंय ते या विषयात गोडी असणाऱ्यानं जरूर मिळवावं. तांड्यात कधीच गुन्हा होत नव्हता असं आम्ही म्हणत नाही. गावातही होतात. गावाला कुणी जन्मानं चोर ठरवत नाही, एवढाच मुद्दा.

आमच्या तत्त्वज्ञानात एक जुना विनोद आहे. तूप भांड्याच्या आधारानं आहे की भांडं तुपाच्या? नैयायिकानं खात्री करायला भांडं उलटं केलं, असं सांगतात. माणूस पत्त्याच्या आधारानं आहे की पत्ता माणसाच्या, हे तपासताना इथल्या सरकारनं तेच केलं आणि तूप जमिनीवर सांडलं.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून ‘विमुक्त’ हा शब्द. आणि मग १ नोव्हेंबर १९५६. तोवर आपला उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. निलंगा आणि अहमदपूरही. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, आपण मुंबई राज्यात आलो, बीदर म्हैसूरकडे, तेलंगण आंध्राकडे. आज देवणीहून भालकीच्या रस्त्यानं निघा, थोड्याच वेळात हद्द लागते. हद्दीच्या अलीकडचा लमाण विमुक्त जातीत, पलीकडचा त्याचा मेहुणा अनुसूचित जातीत, आणि तेलंगणात दिलेली त्याची बहीण अनुसूचित जमातीत. बोली एक, सेवालाल महाराज एक, पोहरागडची वारी एक. सर्व्हेअरच्या रेघेनं एका घरात तीन जाती केल्या. यावरून मोर्चे निघतात तेव्हा शहरातली शिकलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी एकदा हा नकाशा समोर ठेवावा.

इंग्लंडच्या कालव्यांवर आता पुन्हा माणसं राहतात. कुणी हौसेनं, कुणी लंडनचं घरभाडं झेपत नाही म्हणून. १९९५ च्या कायद्यानं, ज्याच्या नावेला कायमची जागा नाही त्याला एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पत्र कुठं मागवायचं, डॉक्टरकडे नाव कुठं घालायचं, पोराची शाळा कोणती, हे वाद तिथं आजही चालू आहेत. तिकडे कायदा म्हणतो चालत राहा, इकडे म्हणायचा हलू नका.

पलीकडे कर्नाटकात १९ जानेवारी २०२३ ला माळखेडला, म्हणजे राष्ट्रकूटांच्या जुन्या मान्यखेटात, ५०,००० च्या वर कुटुंबांना तांड्यातल्या घरांचे हक्कपत्र दिले गेले. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, विजयपुरा या पाच जिल्ह्यांतले तांडे महसुली गावं म्हणून नोंदले गेले. तेलंगणानं २०१८ च्या कायद्यानं पाचशेवर वस्तीच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत दिली. पत्ता मिळतोय, उशिरा का होईना.

आणि आपल्या बाजूचे तांडे बघा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला निघतात. घराला कुलूप. कोयता, पीठ, पांघरूण, कोंबड्या, पोरं सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. कारखान्याच्या तळावर कोपी घालायची, गाळप संपेस्तोवर तिथंच. शाळेच्या हजेरीपटावर त्या पोरांच्या नावापुढे पाच महिने ‘गैरहजर’ लिहिलेलं असतं, आणि जिथं ती खरोखर असतात तिथल्या हजेरीपटावर त्यांचं नावच नसतं. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी उद्या आपापल्या शाळेतला तो हजेरीपट घेऊन यावा. पुढच्या रविवारी आपण त्यावरच बोलू.