लेवी पिंड

लेवी पिंड म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या आत साचणाऱ्या प्रथिनांच्या सूक्ष्म, गोलसर गुठळ्या होत. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन त्यांचा मुख्य घटक असते. पार्किन्सनच्या आजाराने, म्हणजेच कंपवाताने, ग्रस्त असलेल्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूत मृत्यूनंतरच्या तपासणीत हे पिंड आढळतात. या गुठळ्या पेशींच्या नाशाचे कारण आहेत की त्या नाशाविरुद्ध पेशींनी केलेला बचाव, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. त्याच्या उत्तरावर आजाराची वाढ रोखणाऱ्या उपचारांची दिशा अवलंबून आहे.

इतिहास

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. जर्मन चेताशास्त्रज्ञ फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये रुग्णांच्या चेतापेशींतील पिंडांची प्रथम नोंद केली. १९१९ मध्ये कॉन्स्टंटिन ट्रेट्याकॉफ यांनी मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात ते दाखवून दिले आणि त्यांना लेवी यांचे नाव दिले.

पिंडांची रासायनिक ओळख १९९७ मध्ये पटली. त्या वर्षी इटालियन व ग्रीक वंशाच्या काही कुटुंबांतील आनुवंशिक पार्किन्सनचा संबंध चौथ्या गुणसूत्रावरील एसएनसीए जनुकातील उत्परिवर्तनाशी असल्याचे आढळले. अल्फा-सिन्युक्लिन याच जनुकानुसार तयार होते. त्याच वर्षी मारिया ग्राझिया स्पिलांटिनी, मिशेल गोडेर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेवी पिंडांत हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले. २००३ मध्ये एका कुटुंबात या जनुकाच्या जादा प्रती आढळल्या. प्रथिनात दोष नसतानाही केवळ त्याचे प्रमाण वाढल्याने आजार होऊ शकतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

गुठळी बनण्याची प्रक्रिया

अल्फा-सिन्युक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. निरोगी मेंदूत ते प्रामुख्याने चेतापेशींच्या टोकांशी असते व संदेशवाहक रसायने साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या कार्यात भाग घेते. पेशीद्रवात त्याला निश्चित घडी नसते. काही रेणूंची घडी चुकीची पडली की त्यांचे पाण्यापासून दूर राहू पाहणारे मधले भाग परस्परांना चिकटतात. प्रथम ऑलिगोमर नावाचे लहान समूह व पुढे लांब तंतुक तयार होतात. तंतुक साच्याप्रमाणे काम करून नव्या रेणूंनाही तशीच घडी घालतात. निकामी प्रथिने मोडणारी पेशीतील यंत्रणा वयानुसार मंदावत असल्याने साठा वाढत जातो.

मेंदूतील प्रसार

हाइको ब्राक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले, की हे बदल मेंदूच्या खालच्या भागात व गंधाशी संबंधित भागात सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वर सरकतात. मात्र सर्वच रुग्णांत हा क्रम दिसत नाही. २००८ मध्ये, दहाहून अधिक वर्षांपूर्वी रुग्णांच्या मेंदूत रोपण केलेल्या भ्रूणपेशींमध्येही लेवी पिंड आढळले. चुकीची घडी एका पेशीतून दुसरीत पसरते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

आजारातील भूमिका

काही वृद्धांच्या मेंदूत लेवी पिंड असूनही हयातीत आजाराची लक्षणे दिसलेली नसतात. उलट, पार्किन जनुकात दोष असलेल्या अनेक रुग्णांत आजार असूनही पिंड आढळत नाहीत. त्यामुळे खरी हानी लहान ऑलिगोमर करतात व पिंड हे त्यांना एकत्र बांधून ठेवण्याचा पेशीचा प्रयत्न असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. २०१९ मधील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासात पिंडांत तंतुकांपेक्षा पटलांचे तुकडे व तंतुकणिकांसारखी पेशी-अंगके मोठ्या प्रमाणावर दिसली.

निदान व उपचार

लेव्होडोपा हे प्रमुख औषध डोपामीनची उणीव भरून काढते व लक्षणे कमी करते. गुठळ्या बनण्याची प्रक्रिया त्याने थांबत असल्याचे सिद्ध झालेले नाही. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील अत्यल्प चुकीच्या प्रथिनाने प्रयोगशाळेत नव्या गुठळ्या बनवून ते ओळखणारी चाचणी विकसित झाली आहे. अल्फा-सिन्युक्लिनला बांधणाऱ्या सिनपानेमॅब या प्रतिपिंडाचा मात्र चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. प्रथिन चुकीचे निवडले गेले, की उपचार फार उशिरा सुरू झाला, हे या अपयशावरून ठरवता येत नाही.