ठोकून सरळ न होणारी गाडी

‘मिस्टर बीन’ म्हणून आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असलेले ब्रिटिश अभिनेते रोवन अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे मॅकलारेन एफ-१ ही दुर्मीळ स्पोर्ट्‌स मोटार होती. १९९२ साली लोकांसमोर आलेल्या या गाडीच्या सगळ्या मिळून अवघ्या १०६ प्रती बनल्या. २०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील पीटरबरो शहराजवळ अ‍ॅटकिन्सन यांची गाडी रस्त्यावरून घसरून झाडावर आणि खांबावर आदळली. त्यांच्या खांद्याला दुखापत झाली, पण ते बचावले. गाडी मात्र मोडली. ती पूर्ववत करायला एक वर्षाहून अधिक काळ लागला आणि विमा कंपनीला सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले.

गाडी महाग म्हणून दुरुस्ती महाग, हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले उत्तर गाडी कशाची बनली आहे यात दडले आहे. तिचा सांगाडा आणि बाहेरची अंगे पत्र्याची नव्हेत, तर कार्बन तंतूंची आहेत.

पत्र्याची गाडी चेपली तर काय करतात हे आपण पाहतो. गॅरेजमधला कारागीर पत्रा आतून ठोकून वर काढतो, लांबी भरतो, घासतो आणि रंग मारतो. धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी त्यांच्यातील बंध पुन्हा जुळतात, म्हणून हे शक्य होते. अगदीच नाइलाज झाला, तर कुशल कारागीर सपाट पत्र्यापासून नवे मडगार्ड घडवू शकतो. पत्रा आधी बनतो आणि आकार नंतर येतो. कार्बन तंतूंच्या भागाचे तसे नसते. त्याचा पदार्थ आणि आकार एकाच वेळी, एकाच साच्यात जन्माला येतात. हे असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

कार्बनचा धागा तसा जुना आहे. १८७९ साली एडिसनने सुती धागा हवेशिवाय भाजून त्याचा कोळसा केला आणि तो विजेच्या दिव्यात वापरला. पुढे त्याने बांबूचे तंतू घेतले. हे धागे प्रकाश देत, पण अतिशय ठिसूळ असत. १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि कार्बनचा धागा मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला १९५८ साली. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या क्लीव्हलंडजवळील प्रयोगशाळेत रॉजर बेकन हे शास्त्रज्ञ अतिशय उच्च तापमानाला आणि दाबाखाली कार्बन कसा वागतो याचा अभ्यास करत होते. विद्युत्‌-प्रज्योतीच्या उपकरणात साचलेल्या कार्बनमध्ये त्यांना केसांहून बारीक तंतू सापडले. ग्राफाइटचे पातळ थर सुरळीसारखे गुंडाळले जाऊन ते बनले होते. त्यांचे ताणबल २० गिगापास्कल भरले. म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाचा असा दोर करता आला, तर त्याने सुमारे २ टन वजन पेलले असते. साध्या पोलादाची एवढ्याच जाडीची तार सुमारे ४० किलोग्रॅमला तुटते.

इथे विद्यार्थी विचारतील, की पेन्सिलीतही ग्राफाइटच असते, मग ती इतकी सहज कशी झिजते? ग्राफाइटच्या एका थरातील षटकोनी जाळीत अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, पण दोन थरांमधील ओढ दुबळी असते. पेन्सिलीत थर एकमेकांवरून घसरून कागदावर उतरतात. तंतूत हेच थर लांबीच्या दिशेने लावलेले असतात, त्यामुळे ताण घट्ट बंधांवर येतो.

बेकन यांचे तंतू कारखान्यात बनवण्याजोगे नव्हते. तो मार्ग जपानमधील अकिओ शिंदो यांनी दाखवला. ओसाका येथील सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी १९५९ नंतर पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे तंतू भाजून पाहिले. नाव अवघड असले तरी वस्तू ओळखीची आहे. लोकरीऐवजी स्वेटरला वापरतात ते अ‍ॅक्रिलिक सूत याच कुळातले. हे तंतू प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात. त्यामुळे त्यांच्या रेणूंत शिडीसारख्या जोडण्या होतात आणि पुढच्या उष्णतेत ते वितळत नाहीत. मग नायट्रोजन वायूत १००० अंशांच्या वर तापवले, की कार्बनखेरीज जवळजवळ सारे निघून जाते. मूळ सुताचे सुमारे निम्मे वजन उरते.

इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत विल्यम वॅट, लेस्ली फिलिप्स आणि जॉन्सन यांनी १९६४ च्या सुमारास महत्त्वाची भर घातली. भाजताना तंतू आकसतो. त्याला आकसू न देता ताणून धरले, तर कार्बनचे थर लांबीच्या दिशेने नीट लागतात आणि तंतू ताठ होतो. आज वापरातला नेहमीचा तंतू ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्याचे ताणबल साडेतीन गिगापास्कलच्या आसपास असते.

पण नुसते तंतू म्हणजे नुसते सूत. त्यांना आकार द्यायला दुसरे काही लागते. कोकणातल्या कुडाच्या भिंती आठवा. कारव्यांचे कूड विणून त्यावर शेणमाती लिंपतात. कारवी ताण सोसते, माती तिला जागच्या जागी धरून ठेवते. इथे कारवीच्या जागी कार्बनचे विणलेले कापड आणि मातीच्या जागी इपॉक्सी राळ असते. राळेने भिजवलेले कापड साच्यावर थरावर थर पसरतात आणि दाबाखाली तापवतात. यासाठी वापरायची भट्टी म्हणजे प्रेशर कुकरची थोरली बहीणच. राळ कायमची घट्ट झाली, की भाग तयार होतो. तो पाण्याच्या सुमारे १.६ पट जड असतो. अ‍ॅल्युमिनियम २.७ पट आणि पोलाद ७.८ पट जड असते.

या पदार्थाचा दुबळेपणाही लवकरच दिसला. रोल्स-रॉईस कंपनीने आरबी-२११ या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची केली होती. १९७० साली, पक्षी आदळल्यावर काय होते हे पाहण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि त्यांच्या जागी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. तंतूच्या दिशेने ओढले तर हा पदार्थ पोलादाला हरवतो, पण आडव्या आघाताने त्याचे थर एकमेकांपासून सुटतात. बिघाड बाहेरून दिसेलच असेही नाही.

मोटारींच्या जगात या पदार्थाला प्रतिष्ठा मिळाली ती १९८१ साली. जॉन बर्नार्ड यांनी मॅकलारेनच्या एमपी-४/१ या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा कार्बन तंतूंचा आखला. तो बनवून देणार कोण, हा प्रश्न तेव्हाही होता. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांकडे हे कसब नव्हते, ते विमाने आणि अग्निबाण बनवणाऱ्यांकडे होते. अखेर अमेरिकेतील यूटा राज्यातल्या हर्क्युलिस कंपनीने हे सांगाडे बनवून दिले. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे या गाडीला भीषण अपघात झाला. इंजिन तुटून वेगळे झाले, पण चालक जॉन वॉटसन आपल्या पायांनी चालत बाहेर आले. पुढे १९८७ मध्ये फेरारीच्या एफ-४० ची बाहेरची अंगे अशा विणलेल्या तंतूंची झाली आणि १९९२ ची मॅकलारेन एफ-१ ही संपूर्ण कार्बन तंतूंच्या सांगाड्याची रस्त्यावरची गाडी होती.

आता या गाड्या तिशी ओलांडून गेल्या आहेत. त्या जतन करणाऱ्यांना भाग मिळवायचे, तर वाटा तीनच. मूळ कारखान्याने साचे जपले असतील तर तिथून, दुसऱ्या मोडक्या गाडीतून, किंवा नवा साचा घडवून. तिसऱ्या वाटेसाठीही शाबूत नमुना लागतो, आणि डावीकडचा भाग शाबूत आहे म्हणून उजवीकडचा मिळत नाही. डाव्या पायाच्या जोड्यावरून घेतलेल्या साच्यातून डावाच जोडा निघणार.

साचा मिळाला तरी प्रश्न संपत नाहीत. कापडाची वीण साधी की तिरकी? थर किती आणि प्रत्येक थराची दिशा कोणती? राळ कोणती, ती किती तापमानाला, किती दाबाखाली घट्ट केली? यातील एक गोष्ट बदलली, तरी बाहेरून हुबेहूब दिसणारा भाग आतून वेगळा असतो. एफ-४० वर रंगाचा थर इतका पातळ आहे, की खालची वीण रंगातून दिसते. तिथे वीण चुकली तर जाणकाराला लगेच कळते. बाजारात काचतंतूंच्या भागावर कार्बनच्या कापडाचा एकच थर चढवूनही भाग विकले जातात. नजरेला ते फसवतात, पण तराजूला फसवत नाहीत.

बॉनेट असे निघाले तर फार तर गाडीची किंमत आणि मालकाचा विश्वास कमी होईल. सांगाडा असा असेल, तर पुढच्या अपघातात माणूस चालत बाहेर येईलच असे नाही. म्हणून मोडलेल्या भागाला ठिगळ लावत नाहीत, रफू करतात. तुटलेल्या जागेभोवतीचे थर पायऱ्या-पायऱ्यांनी घासून काढतात आणि त्याच दिशेचे नवे थर एकमेकांवर चढते ठेवून बसवतात. मग नाण्याने टकटक करून ऐकतात. तडकलेला माठ जसा बद्द वाजतो, तसा थर सुटलेला भाग बद्द वाजतो. महत्त्वाच्या जागी श्राव्यातीत ध्वनीने तपासणी करतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या खळीत बुडवून पालथ्या वाटीवर आडव्या-उभ्या तीन-चार थरांत बसवा. दोन दिवस वाळू द्या आणि वाटी काढून घ्या. कापडाची ताठ वाटी मिळेल. आता ती एका बाजूने दाबून मोडा आणि शेजारी पातळ पत्र्याचे झाकण चेपून ठेवा. दोन्ही पूर्ववत करायला विद्यार्थ्यांना सांगा. झाकण लाकडी हातोडीने बरेचसे सरळ होईल. कापडाच्या वाटीसाठी मात्र मुले पुन्हा खळ, कापड आणि ती मूळची वाटी मागतील. ती वाटी कुठे ठेवली होती, हे तेव्हा कोणाला आठवते ते पाहा.