फोटोला काय घालू?

मागच्या महिन्यात ऑफिसच्या प्रोफाइलसाठी अकोल्यातल्या एका स्टुडिओत फोटो काढला. ब्लेझर मित्राचा, खांद्यात ढगळ. आई फोटो पाहून म्हणे, "हा कोण बाप्पा?"

तेव्हा १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आठवला. गूगल करा, लगेच सापडेल. फिलाडेल्फियाचं महिला मेडिकल कॉलेज, डीनबाईंचं रिसेप्शन. तीन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लाम्बूली आणि साडीत, दागिने घालून बसलेल्या वीस वर्षांच्या आनंदीबाई जोशी.

साडी फक्त फोटोपुरती नव्हती बरं. पोरगी तिकडं जाऊन धर्म बदलणार, ही इकडच्या लोकांची भीती. आपण हिंदूच राहून परत येऊ, हे त्यांनी निघण्याआधी भर सभेत सांगितलं होतं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात अन् तिकडची थंडी कडक, म्हणून साडी गुजराती पद्धतीनं नेसल्या, पण सोडली नाही.

मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हते.

फोटोखाली तिघींची नावं-गावं आहेत. आनंदीबाईंचं माहेर कल्याण, पण तिथं लिहिलंय सेरामपूर, नवऱ्याच्या पोस्टातल्या बदलीचं गाव. तेही स्पेलिंग चुकवून.