विजयदुर्गचे ग्रहण आणि एक पिवळी रेषा

चुलीत मिठाचा खडा पडला की ज्वाळा पिवळी होते, हे आपल्या घरोघरच्या गृहिणींस ठाऊक आहे. हा रंग सोडियमचा. तेच सोडियम सूर्यावरही आहे, हे किरखोफ यांनी १८५९ साली वर्णपटावरून सिद्ध केले.

पुढे १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया विजयदुर्गावरून गुंटूरकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल, तर गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. विजयदुर्गावर लॉकियर यांनी हेलियम शोधला, ही आम्हां मराठी मंडळींची आवडती कथा. परंतु लॉकियर त्या दिवशी इंग्लंडातच होते. ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणावाचून सूर्याच्या कडेशी एक पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमच्या जोडरेषेशी जुळेना.

आता दोनच वाटा उरल्या. सूर्यावरचे नियम निराळे मानावयाचे, किंवा नियम तेच मानून पृथ्वीवर न आढळलेले मूलद्रव्य गृहीत धरावयाचे. लॉकियर यांनी दुसरी वाट धरली. पुष्कळांनी शंका घेतली, आणि ती अवाजवी नव्हती, असे आम्हांस वाटते. १८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा मिळाली.

मात्र अशीच १८६९ च्या ग्रहणातील हिरवी रेषा पाहून कल्पिलेले ‘कोरोनियम’ कधीच सापडले नाही. सुमारे सात दशकांनंतर कळले की, ते आपले लोखंडच होते. प्रभामंडलाच्या दहा लाख अंशांच्या उष्णतेत तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले.